अर्सलानबोब (किर्गिझस्तान): आईला घेऊन जावं का? मदत हवी आहे

मंडळी, पोरगी किर्गिझस्तानात ओश शहरात एमबीबीएस करतेय, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी, बायको आणि आई तिच्याकडे जातोय. ओश ती दाखवेलच, पण तिच्या मैत्रिणींनी अर्सलानबोबचे फोटो टाकले आणि आता घरात तोच विषय. अक्रोडाचं एवढं मोठं नैसर्गिक जंगल जगात दुसरं नाही म्हणतात, त्यात नेमका हंगाम, गावातली कुटुंबंच्या कुटुंबं जंगलात तंबू ठोकून अक्रोड वेचतात म्हणे.

आई सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखतात, अंडंसुद्धा खात नाही. गाव १६०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरहून थोडंच उंच, त्यामुळे दम लागायची भीती नाही. पण मॅपवर ओश-जलालाबाद सरळ रस्ता उझबेकिस्तानातून जातोय आणि आमच्याकडे व्हिसा फक्त किर्गिझचा, मग टॅक्सीवाला नेतो कुठून? आणि एक रात्र पुरते का?

प्रतिसाद १
रस्त्याचं टेन्शन सोडा, सगळे उझगेनवरून वळसा घालून जातात, बॉर्डर लागत नाही. उझगेनला अकराव्या शतकातला मिनार आहे, तिथे पाय मोकळे करा. पुढे जलालाबाद, बाजार-कोर्गोन, मग वर. मार्शरुटका (शेअर मिनीबस) स्वस्त पण कोंबून भरतात, आई असताना टॅक्सीच करा. लहान धबधबा (२३ मीटर) गावाजवळच आहे. मोठा ८० मीटरचा, तिकडची चढण घसरडी, आईंना नेऊ नका. जंगलात फिरवायला जुन्या रशियन जीप मिळतात, धक्के मात्र जबरी.

प्रतिसाद २
खरा प्रश्न टॉयलेटचा आहे, तो कोणी विचारतच नाही! लोकांच्या घरीच राहायचं असतं आणि बऱ्याच घरी संडास अंगणापलीकडे, उकिडवं बसायचा, रात्री थंडीत टॉर्च घेऊन जा. गावात सीबीटीचं (स्थानिक लोकांच्या पर्यटन संस्थेचं) ऑफिस आहे, ते घरं ठरवून देतात, त्यांना कमोडवालं घर आधीच सांगून ठेवा. जेवणात पुलाव, लगमान (नूडल्स) सगळ्यात मटण, सूप भाजीचं म्हणाले तरी पाणी हाडांचंच निघू शकतं. नान, कायमाक (साय हो), मध, टोमॅटो-काकडी यावर दिवस निघतो, भाजणी आणि मेतकूट न्याच. उझबेक वस्ती, जुन्या वळणाची, बायका डोक्याला रुमाल बांधतात, आईंचा पदर तिथे एकदम फिट. दोन रात्री राहा, एका रात्रीत नुसता प्रवासच होईल.

धागाकर्ता
कमोडचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! दोन रात्री फायनल. आता एकच, अक्रोड सालीसकट आणले तर एअरपोर्टवर अडवतात का? आईने आत्ताच दहा किलोची ऑर्डर दिलीये.