डिजिटल अ‍ॅम्पमधून मनासारखा गिटार टोन मिळवताना आलेले अनुभव

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या सगळ्या मंडळींना आमंत्रण. प्रोसेसर, मॉडेलिंग अ‍ॅम्प, लॅपटॉपवरचे प्लगइन, खऱ्या अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणारं ह्यातलं काहीही वापरत असाल आणि सगळं असूनही आवाज मनाला येत नाही ह्या अवस्थेतून गेला असाल, किंवा अजून तिथेच अडकला असाल, तर सविस्तर लिहा. कुठलं यंत्र घ्यावं ही चर्चा इथे नको, ती सगळीकडे चालूच असते. तुम्ही वाजवता कुठे, ऐकता कशातून, नेमकं काय खटकत होतं आणि कशाने फरक पडला ते हवंय. नसेल पडला तर तेही लिहा.

सुरुवात मी करतो. ठाण्यात वनबीएचके, भिंतीपलीकडे तान्हं बाळ, त्यामुळे ट्यूब (व्हॉल्व्हवर चालणारा) अ‍ॅम्प घरात आणायचा प्रश्नच नव्हता. ५० किंवा १०० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प ज्या आवाजाला खुलतो तो आवाज सोसायटीत काढताच येत नाही. म्हणून प्रोसेसर घेतला, त्यात मार्शलचं मॉडेल लावलं, हेडफोन चढवला, आणि आवाज आला तो नुसता भणभणीत. वरचे सूर कानाला टोचतात, खालचे घुमतात, आणि पिक मारल्यावर जो धक्का जाणवायला हवा तो कुठेच नाही. मग मॉडेल बदल, गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) कमी कर, प्रीसेट चाळत बस, रात्रीचा वाजवायचा तास नॉब फिरवण्यातच संपायचा.

माझ्या मते मुख्य गोष्ट ही आहे की हे यंत्र आपल्याला खोलीतला अ‍ॅम्प देतच नाही. ते देतं कॅबसमोर, म्हणजे स्पीकरच्या पेटीसमोर, माइक लावून रेकॉर्ड केलेला अ‍ॅम्प. त्यातला आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) म्हणजे एका विशिष्ट स्पीकरसमोर, विशिष्ट जागी ठेवलेल्या विशिष्ट माइकला जे ऐकू आलं त्याचा ठसा. बऱ्याचदा तो माइक शुअरचा एसएम५७ असतो आणि स्पीकरच्या जाळीला जवळजवळ चिकटवलेला असतो. कान तिथे लावून अ‍ॅम्प कोणीच ऐकत नाही. आपण चार-पाच फुटांवर उभे असतो, आवाज पायांच्या बाजूने, भिंतींवरून फिरून येतो. हे डोक्यात बसल्यावर मी अ‍ॅम्पचं मॉडेल बदलणं सोडलं आणि कॅबच्या ब्लॉकमध्ये फक्त माइकची जागा हलवायला लागलो. माइक कोनच्या मधोमध असला की आवाज चिरका, कडेकडे सरकवला की गाढा आणि मऊ. जेमतेम एक इंच सरकवल्याने जो फरक पडतो तो ट्रेबलचा नॉब पूर्ण फिरवूनही पडत नाही. शिवाय गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर आपोआप खाली येतो, हेडफोन मात्र २० पर्यंत सगळं दाखवतो, म्हणून हाय कट (त्यावरचे सूर कापणारा फिल्टर) ६ किलोहर्ट्झच्या आसपास आणि लो कट (त्याखालचे कापणारा) ८०-९० हर्ट्झला लावतो. आता निम्मं समाधान आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हा धागा.

पट्टी_काळी_एक

मी सांगलीकडे ऑर्केस्ट्रात वाजवतो, गणपती-नवरात्र आणि लग्नाचा सीझन. आमच्यात अ‍ॅम्प स्टेजवर नेण्याची पद्धतच नाही, प्रोसेसरमधून थेट मिक्सर. घरी रात्री हळू आवाजात पॅच (प्रोसेसरमध्ये साठवलेली सेटिंग) बनवायचा, एकदम भरदार वाटायचा, आणि कार्यक्रमात तोच पॅच लावला की बासचा नुसता गदारोळ, लीड कापत जाते पण तिला अंग नाही, आणि समोर बसलेल्यांना गिटार आहे की नाही तेच कळत नाही.

ह्याचं कारण कानात आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले नीट येतात. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोन संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं, त्याचे आलेख अजून साउंडवाले शिकतात. म्हणजे घरी हळू आवाजात आपण नकळत बास आणि ट्रेबल चढवतो, मिड्स म्हणजे मधले सूर उतरवतो, आणि स्टेजवर आवाज वाढला की ते चढवलेलं सगळं अंगावर येतं. मिड्स तर गिटारचा जीव, तेच आपण काढून टाकलेले असतात.

त्यामुळे आता पॅच घरी बनवतच नाही. प्रॅक्टिसच्या हॉलवर सगळे वाजवत असताना, कार्यक्रमाच्या आवाजात बनवतो. गेन घरी आवडतो त्याच्या निम्मा. बास बराच खाली, कारण तिथे बास गिटार आणि ढोलकी-ऑक्टोपॅड आधीच बसलेत. मिड्स वर. हा पॅच एकटा ऐकलात तर नाकात बोलल्यासारखा लागेल, पण वाद्यमेळात तोच उभा राहतो. आणि साउंडवाल्या दादांशी आधी बोलून घ्या, गिटारच्या चॅनेलचा ईक्यू (बास-मिड-ट्रेबलचे नॉब) सपाट ठेवा म्हणून सांगा. बरेच जण सवयीने हाय वाढवून ठेवतात.

वसईकर_तारा

आमच्याकडे चर्चमध्ये क्वायरबरोबर वाजवते. इमारत जुनी, छत उंच, मिसा संपल्यावर टाळी वाजवली तरी ती कितीतरी वेळ घुमत राहते. प्रोसेसरचे कंपनीने दिलेले क्लीन पॅच सगळे रिव्हर्ब आणि डिलेने भरलेले असतात, दुकानात हेडफोनवर फार गोड वाटतात, आणि चर्चमध्ये त्याचा लगदा होतो. रिव्हर्ब पूर्ण बंद केला, कोरस बंद केला, कॉम्प्रेसर थोडासा ठेवला, बस. इमारत आपला रिव्हर्ब स्वतः देते आणि तो कुठल्याही यंत्रापेक्षा सुंदर आहे. टोनचा विचार करताना जागा हासुद्धा साखळीतला एक पेडल समजा असं मी क्वायरमधल्या मुलांना सांगते.

हॉस्टेल_रूम_१०७

कोल्हापूर, इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष. माझ्याकडे अ‍ॅम्पही नाही आणि प्रोसेसरही नाही, लॅपटॉप आणि सेकंडहँड ऑडिओ इंटरफेस एवढंच. पण माझ्यासारख्या मुलींना-मुलांना आत्ताइतका चांगला काळ कधीच नव्हता असं मला मनापासून वाटतं. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन ह्यांनी बनवलेलं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि जगभरच्या लोकांनी आपापल्या खऱ्या अ‍ॅम्पचे कॅप्चर (आवाजाची डिजिटल नक्कल) करून मोफत ठेवलेत.

तरी सुरुवातीला आवाज मेलेला यायचा. दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंटचं बटण असतं, ते दाबलं नाही तर गिटार लाइन इनपुटला लागते. गिटारच्या पॅसिव्ह पिकअपला समोर १ मेगाओहमच्या आसपास इनपुट लागतो, लाइन इनपुट साधारण १० किलोओहमचा असतो, तिथे पिकअपवर इतका भार येतो की वरचे सूर आतच मरतात. मग आपण प्लगइनमध्ये ट्रेबल वाढवत बसतो आणि खरखर वाढते. दुसरं म्हणजे इनपुटची लेव्हल. कॅप्चर ज्या लेव्हलला केलाय त्यापेक्षा खूप जोरात सिग्नल गेला तर क्लीन अ‍ॅम्पसुद्धा फाटतो, खूप कमी गेला तर हाय गेनही मिळमिळीत.

आणि लेटन्सी, म्हणजे तार छेडल्यापासून सूर ऐकू येईपर्यंतचा उशीर!! ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदाहून थोडं कमी, ५१२ चा म्हणजे साडेदहाच्या पुढे, शिवाय ड्रायव्हरचा आणि आत-बाहेर जाण्याचा वेळ वेगळा. हाताला ते टोनसारखंच जाणवतं, गिटार जड वाटते, सूर मागून येतो. ब्लूटूथ हेडफोनवर तर वाजवूच नका, वायरवालाच घ्या.

माडाखालचा_अ‍ॅम्प

रत्नागिरी. इथे गेन वाढवला की घूंऽऽ सुरू. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावला तर घूं थांबते पण सूर शेवटाला तुटतो, सस्टेन जातो, म्हणजे टोन पुन्हा हातचा गेला. तारांना हात लावला की घूं कमी व्हायची, ह्यावरून शंका आली की भानगड अर्थिंगची असावी. घर जुनं, सॉकेट तीन पिनचे पण तिसऱ्या पिनला आत वायरच जोडलेली नव्हती. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं आणि जो फरक पडला तो कुठल्याच पॅचने पडला नव्हता. जी उरली ती सिंगल कॉइल पिकअपची ५० हर्ट्झची, ती गिटार थोडी वळवून बसलं की कमी होते. मिळमिळीत आवाजाची तक्रार करणाऱ्यांनी तारा पण बघा. आमच्या खाऱ्या हवेत तारा पावसाळ्यात फार लवकर काळ्या पडतात आणि गंजलेल्या तारेतून जो आवाज निघतच नाही तो डिजिटल अ‍ॅम्प आणणार कुठून.

पणजी_बीच_सेट

थोडक्यात लिहितो. शॅकवर किंवा हॉटेलात अ‍ॅम्प ठेवलेला असतो आणि आपण प्रोसेसर त्याच्या पुढच्या इनपुटला लावतो. आत कॅब सिम (कॅबची डिजिटल नक्कल) चालू असेल तर एका कॅबमधून दुसरी कॅब, आवाज गोधडीखालून येतो. अ‍ॅम्पच्या मागे इफेक्ट्स रिटर्न (पुढचा टोनचा भाग वगळून थेट पॉवर अ‍ॅम्पला जाणारं इनपुट) असेल तर तिथे लावा आणि कॅब सिम बंद. मिक्सरला जाणाऱ्या आउटपुटवर मात्र चालू ठेवा. बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन आउटपुटना वेगवेगळं ठेवता येतं, मॅन्युअलमध्ये शोधा.

धोबीतलाव_१९९०

वरचं सगळं वाचलं, मुलं फार अभ्यास करून लिहितायत, बरं वाटलं. मी मुंबईच्या रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव ऐकत वाढलेल्या पिढीतला. तेव्हा आमच्या हातात धड अ‍ॅम्प यायचा नाही, उधारीवर आणलेल्या पेडलवर बँड चालायचे. १९९८ मध्ये लाइन ६ चा तो लाल, घेवड्याच्या आकाराचा पॉड आला तेव्हा वाटलं झालं, सुटलो आता. पण एक गोष्ट तेव्हाच्या डिजिटलमध्ये फारशी नव्हती. ट्यूब अ‍ॅम्पवर गिटारचा व्हॉल्युम दहावरून सहावर आणला की आवाज फक्त कमी होत नाही, तो स्वच्छ होतो, आणि पिक जोरात मारली की पुन्हा फाटतो. हाताचं आणि अ‍ॅम्पचं हे बोलणं जुन्या यंत्रांत तुटायचं. आताच्या चांगल्या मॉडेलमध्ये ते बऱ्यापैकी परत आलंय, पण वापरणारे कमी, कारण सवय पॅच बदलायची लागलीय.

मी एकच पॅच ठेवतो. गेन इतकाच की गिटारचा व्हॉल्युम पूर्ण असताना कॉर्ड जोरात मारली तर किंचित फाटावी. बाकी ऱ्हिदम, लीड, क्लीन सगळं गिटारवरच्या दोन नॉबांवर आणि उजव्या हातावर. ब्रिज पिकअपला टोनचा नॉब सातपर्यंत खाली आणा, तुम्ही ज्याला डिजिटल चिरकेपणा म्हणता त्यातला बराचसा तिथेच जातो. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर स्क्रूने थोडा खाली घ्या. स्क्रूड्रायव्हरला पैसे पडत नाहीत.

उत्तरेकडचा_पुणेकर

जर्मनीत राहतो, रात्री १० नंतर इथे इमारतीत शांतता पाळावीच लागते. केम्पर कंपनी इथलीच, रेकलिंगहाउझेनची, त्यामुळे अ‍ॅम्पचं प्रोफाइलिंग (खऱ्या अ‍ॅम्पचा आवाज यंत्रात उतरवणं) हा विषय माझ्या बँडमधल्या प्रत्येकाच्या तोंडी. आवाजाबद्दल माझी तक्रार नाही, डोळे मिटून रेकॉर्डिंग ऐकलं तर मला खरा आणि प्रोफाइल केलेला ओळखता येत नाही. तक्रार अंगाला जाणवण्याची आहे. धागाकर्ते म्हणतात तो धक्का हवेतून येतो, १२ इंची कागदाचा कोन हवा ढकलतो आणि गिटारचं लाकूडसुद्धा त्याने थरथरतं, म्हणून सूर लांबतो, फीडबॅक गोड येतो. हेडफोन हे करूच शकत नाही. शेवटी मी छोटा पॉवर अ‍ॅम्प आणि एका स्पीकरची खरी गिटार कॅब घेतली, कॅब सिम बंद, दिवसा बेताच्या आवाजात वाजवतो. रात्री हेडफोन, पण रात्री टोनला हात लावत नाही, फक्त सराव. हे दोन वेगळे केल्यापासून मन शांत आहे.

संत्रानगरी_सहा_तार

नागपूर. मला अजूनही नाही जमलं हो. हाय कट लावला, माइक सरकवला, तारा नव्या आहेत, अर्थिंग ठीक आहे. रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्यांना आवडतो आवाज, मलाच वाजवताना नाही आवडत. स्टुडिओ मॉनिटर ५ इंची, टेबलावर भिंतीला टेकून, दोन्ही कानांपासून हातभर. अजून काय बघू? नवीन आयआर विकत घ्यावे का?

धागाकर्ता

@संत्रानगरी, आयआर नंतर. भाऊ, आधी मॉनिटर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणा, भिंतीला टेकले की बास फुगतो. शिवाय टेबलाच्या पृष्ठभागावरून आवाज उसळून वर येतो त्यानेही खालचे मिड्स चिकट होतात, स्टँड नसेल तर खाली जाड फोम ठेवून कानाच्या उंचीला आणा. मग उभं राहून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाजवा, केबल लांब घ्या. तिथूनही नाही आवडला तर पॅचमध्ये अगदी कमी मिक्सवर रूम रिव्हर्ब टाका, वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत, इतका कमी की चालू आहे हे कळू नये पण बंद केला की कळावं. जवळच्या माइकला खोली ऐकू आलेलीच नसते, ती आपल्याला परत घालावी लागते. करून बघा आणि मॉनिटर हलवल्यावर काय बदललं ते इथेच लिहा, बाकीच्यांनाही उपयोग होईल.