मांडवीच्या खाडीत प्लवकांची उत्पादकता काढायचीय, कुठलं मॉडेल घेऊ?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टला मांडवीच्या मुखाकडे वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) पावसाळ्यात किती उत्पादन करतात आणि एप्रिल-मेमध्ये किती, हे बघायचंय. दर पंधरवड्याचे क्लोरोफिल (त्यावरून प्लवक किती ते कळतं), नायट्रेट, क्षारता आणि सेकी डिस्कचे (पाण्यात सोडून किती खोलवर दिसेनाशी होते ते बघायची तबकडी) आकडे आहेत. सर म्हणतात डेल्फ्ट थ्रीडी (पाण्याच्या प्रवाहांचं त्रिमितीय मॉडेल), मैत्रीण म्हणते इकोपाथ. साधा लॅपटॉप आहे आणि हातात चार महिने. काय करू?

प्लवकवेडी:
डेल्फ्ट थ्रीडीच्या मागे आत्ता लागू नकोस, खोलीची जाळी आणि भरती-ओहोटी जुळवण्यातच चार महिने जातील. इकोपाथ चांगलंय पण ते कोण कोणाला किती खातं याचा ताळेबंद मांडतं, त्याला मासळी, तिसऱ्या (शिंपले) आणि त्यांच्या आहाराचे आकडे लागतात, तुझ्याकडे ते नाहीत. आर या मोफत संगणक भाषेतलं डीसॉल्व हे समीकरणं सोडवायचं पॅकेज घे आणि एनपीझेडडी मॉडेल लिही. पोषकद्रव्यं, वनस्पती प्लवक, प्राणी प्लवक, कुजका गाळ, चारच समीकरणं. खाडीचा तेवढा भाग म्हणजे एक डबा समज.

पण प्रकाश नीट घाल गं. पावसात नायट्रेट येतं म्हणून मॉडेल सगळं हिरवंगार दाखवतं आणि खरं पाणी असतं चहासारखं. समज डिस्क अर्ध्या मीटरवर दिसेनाशी झाली, तर ठोकताळ्याचा आकडा 1.7 भागिले 0.5 म्हणजे प्रकाश घटण्याचा गुणांक 3.4, आणि एक टक्का प्रकाश पोचतो जेमतेम 1.35 मीटरपर्यंत. पाणी पाच मीटर खोल आणि ढवळलेलं असेल तर पेशींचा जवळजवळ पाऊण वेळ अंधारात जातो. हा 1.7 गढूळ पाण्यात बदलतो, तेव्हा 1.3 वगैरे घालूनही चालवून बघ.

खाडीकाठ:
ताई, म्हणूनच माझ्या एक्सेलमध्ये जुलैचं क्लोरोफिल मोजलेल्याच्या चौपट येत होतं! मी प्रकाश धरलाच नव्हता.

तिवराखाली:
वाहून जाणंही धर. डब्यातलं पाणी पाच दिवसांत बदलत असेल तर रोज साधारण 20 टक्के प्लवक समुद्राकडे जातात, वाढ त्याहून कमी पडली की ते टिकतच नाहीत. म्हणून आधी जीवशास्त्र बंद ठेवून नुसती क्षारता चालव, म्हणजे पाण्याचं येणं-जाणं नीट बसलंय का ते कळेल; ती मोजलेल्या आकड्यांशी जुळली की मगच प्लवक सोड. आणि प्रकाश तासातासाचा घे, दिवसाची सरासरी नको, कारण भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, कधी भर दुपारी ओहोटी असते तर कधी भरती, आणि उथळ पाण्यात तेवढ्याने फरक पडतो. तुझी सेकी कुठल्या वेळी घेतलीय, भरतीला की ओहोटीला?

खाडीकाठ:
होडी मिळेल तेव्हा घेतलीय दादा. वेळ मात्र वहीत आहे, आज भरतीचं कोष्टक काढून प्रत्येक आकड्यासमोर लिहिते.