दारू पिऊन घोरत पडलेल्याला तसंच झोपू द्यायचं का?

तासगावकर:
शनिवारी मावसभावाची हळद होती तासगावजवळ. त्याचा एक मित्र, पोरगं २२ वर्षाचं, जेवणाआधीच पैजेवर दोन क्वार्टर कोऱ्या मारल्या, तासाभरात. अकराच्या सुमाराला मांडवामागं उताणा पडला, जोरात घोरत होता, हात गार पडलेले आणि गालावर ओकारी. सगळे म्हणाले झोपू दे, सकाळपर्यंत उतरंल. एकजण लिंबू पिळायला लागला, एकजण मीठ-पाणी पाजून ओकायला लावूया म्हणून बसलावता आणि दोघं त्याला उचलून बोअरच्या पाण्याखाली न्यायला निघालेवते. मी कसंतरी त्यांना थांबवलं, कुशीवर केला आणि पहाटेपर्यंत शेजारी बसलो. वाचला, पण मला अजून झोप लागंना झालीय. खरं काय करायला पाहिजे होतं?

मिरजेची सिस्टर:
दादा, कुशीवर केलंत म्हणूनच तो आज आहे असं मी म्हणेन. एवढ्या दारूनं घशाची खोकून बाहेर टाकायची ताकदच जाते, उताण्या माणसाची ओकारी सरळ श्वासनळीत उतरते. आणि घोरणं म्हणजे गाढ झोप असं धरू नका, जीभ मागं पडून श्वास अडला तरी तसाच आवाज येतो. कॅज्युअल्टीत नातेवाईक हमखास सांगतात, "आत्तापर्यंत चांगला घोरत होता की."
दुसरं म्हणजे पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात उतरत राहते, त्यामुळं पडल्यानंतरसुद्धा नशा वाढतेच. लिव्हरला ३० मिलीचा एक पेग निपटायला साधारण तास लागतो, दोन क्वार्टर म्हणजे असे १२ पेग झाले, आता तुम्हीच हिशोब करा. लिंबू, कॉफी, ताक कशानंही तो वेग वाढत नाही. गार पाणी तर अजिबात नको, दारूनं कातडीच्या रक्तवाहिन्या फुगतात, अंगातली उष्णता आधीच बाहेर चाललेली असते. मीठ-पाणीही नको, बेशुद्धाच्या तोंडात काहीच घालायचं नाही.
हाक मारून, चिमटा काढून उठत नसेल, मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास असतील किंवा दोन श्वासात १० सेकंदांचं अंतर पडत असेल, ओठ निळसर असतील, झटके आले तर लगेच १०८. यातलं एक जरी दिसलं तरी बास, सगळी दिसायची वाट बघू नका. गाडी येईपर्यंत एकटं सोडू नका आणि काय प्यायला, किती, कुठली गोळी घेतली का ते खरं सांगा. झोपेच्या गोळीवर दारू झाली असेल तर श्वास अजून मंदावतो.

कृष्णाकाठ:
सिस्टरच्या बोलण्यात एक भर घालतो. आमच्या पप्पांना शुगरची गोळी चालू आहे, गावच्या जत्रेत उपाशीपोटी दोन पेग घेतले आणि घामानं भिजून बडबडायला लागले. लोक म्हणाले चढलीय. मशीन लावलं तर शुगर ४२! डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर दारू निपटण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडायचं काम मागं पडतं. तोंडाला दारूचा वास आला की बाकी कुणी काही तपासतच नाही, हे लय वाईट आहे.

सातारी:
आणि सकाळी उठला म्हणून गाडीची चावी देऊ नका. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा होतो आणि रात्री एवढी प्यायलेला सकाळी ८ लाही त्याच्यावर असू शकतो. माझा मित्र कासच्या रस्त्यानं असाच सकाळी निघालावता, "आता मी ओके आहे" म्हणून. मी चावी दिलीवती त्याला.

तासगावकर:
सातारी भावा, वाचून गलबललं. आम्ही पण ९ वाजता त्याच्याच हातात बाईक दिलीवती, आता कळतंय. सिस्टर, एक विचारतो, त्याला पैजेनंतरचं काहीच आठवत नाही, हळूहळू आठवंल का?

मिरजेची सिस्टर:
नाही. एवढ्या नशेत मेंदू आठवण साठवतच नाही, त्यामुळं परत यायला तिथं काही नसतंच. ती रात्र त्याला तुम्हीच सांगा, गालावरच्या ओकारीसकट.