बल, शक्ती की प्रेरणा?

महालकर: २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त वस्तीतल्या मोठ्या माणसांपुढे बोलायचंय. विषय गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व, म्हणजे न दिसणारी बलं. मसुद्यात इंग्रजी 'फोर्स'साठी सगळीकडे 'बल' लिहिलं होतं. वडिलांनी खोडून 'प्रेरणा' केलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'सरळ शक्ती म्हण ना.' काय ठेवू? शिवाय चुंबकाच्या 'क्षेत्रा'ला, म्हणजे त्याचा परिणाम जाणवतो त्या आसपासच्या भागाला, काय म्हणू? क्षेत्र म्हटलं की लोकांना पंढरपूर नाहीतर सातबारा आठवतो.

जुनामास्तर: वडिलांचं बरोबर आहे. मराठी विश्वकोशात प्रेरणाच आहे: केंद्राभिसारी प्रेरणा, विद्युत् चालक प्रेरणा.

धरमपेठ: आज प्रेरणा म्हणजे सत्कार समारंभातलं भाषण. बलच ठेवा. शक्ती तर चूकच; शक्ती म्हणजे 'पॉवर', ती वॅटमध्ये मोजतात, बल न्यूटनमध्ये. किलोभराच्या वजनाला पृथ्वी सुमारे ९.८ न्यूटन बलाने ओढते. 'अश्वशक्ती'त शक्ती योग्य जागी आहे, तिथेच राहू द्या.

गोदाकाठ: चूक कशी? भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वीच्या ओढण्याला 'आकृष्टिशक्ती'च म्हटलंय. आणि 'बल' तरी कुठलं मराठी? आपलं ते बळ. पाठबळ, मनुष्यबळ, बळजबरी.

धरमपेठ: भास्कराचार्यांच्या वेळी वॅट नव्हता हो. दोन राशींना एकच शब्द दिला तर दहावीतल्या पोरानं काय करायचं?

जुनामास्तर: श्रोते दहावीचे नाहीत, मोठी माणसं आहेत. आणि शिस्तीचंच म्हणाल तर बॅटरीच्या व्होल्टला 'विद्युत चालक बल' म्हणतात. ते बल आहे का?

धरमपेठ: नाही. पण मग तुमची 'विद्युत् चालक प्रेरणा'ही प्रेरणा नाही!

उमरेडवाला: राजेहो, आमच्या इकडे कोनी बलही म्हनत नाही न् प्रेरणाही. लोहचुंबक खिळ्याले वढते, बस. आधी करून दाखवा, नाव मंग ठेवा. टेबलावर लहान खिळा ठेवायचा, वरून चुंबक सावकाश खाली आनायचा. जवळ आला की खिळ्याचं एक टोक उचलते, थरथरते, न् टक्कन चिपकते. तवा इचारायचं: खालून पुरी पृथ्वी वढून राहिली, वरून हा एवढासा चुंबक, जिंकलं कोन? लोक आपोआप पुढं सरकतात. वढीले 'ओढ' म्हना, ढकलन्याले 'रेटा'. कूलर स्टँडवर बसला असते तवा स्टँड त्याले खालून वर रेटते, हे मात्र लवकर पटत नाही. काही हालतच नाही ना!

महालकर: रेटा फार आवडला. स्टँडचं नक्की घेतो. ओढीचं थोडं अवघड वाटतं, माहेरची ओढ मधे येते.

गोदाकाठ: येऊ द्या की. 'आकर्षण' तरी कुठे निव्वळ भौतिकशास्त्राचं आहे? कृष् म्हणजे ओढणे, नांगर ओढणंही त्याच धातूतलं. कृषी तिथूनच.

सीताबर्डी: सरळ 'फोर्स' म्हणा. 'आज नळाला फोर्स नाही' हे प्रत्येक घरात कळतं.

धरमपेठ: अहो, नळाला कमी असतो तो दाब! फोर्स म्हणून शिकवलंत तर बल आणि दाबाचा घोळ कायमचा.

सीताबर्डी: 'नळाला दाब नाही' असं कोणी म्हणतं का? माझी आई 'जोर नाही' म्हणायची.

जुनामास्तर: आमच्याकडे 'धार नाही' म्हणत.

उमरेडवाला: धार गाईच्या दुधाले, भाऊ. नळ 'बारीक येऊन राहिला' म्हनतात.