वहीतला निरोप पोचवतं कोण? (अनुभव धागा)

मूल, पालक आणि शिक्षक या तिघांच्या गरजा एकमेकींवर आदळल्या तेव्हा काय घडलं, ते इथे लिहा. शहाणपणाच्या गोष्टी नकोत, घडलेलं सांगा. फसलेलंही चालेल, उलट तेच हवंय. सुरुवात माझ्यापासून.

मुलगी तिसरीत होती. बाईंनी वहीत शेरा दिला, "वर्गात लक्ष नसते." मी खाली लिहिलं, "घरी तर नीट अभ्यास करते." त्यावर बाईंचं उत्तर, त्यावर माझं. भाषा सभ्य, पण दोन्हीकडून धार चढत गेली. तीन आठवडे हे चाललं. एक दिवस वहीतलं पानच गायब! मी चिडले. लेक म्हणाली, "मीच फाडलं. तू लिहिलेलं वाचून बाईंना वाईट वाटलं असतं." हे रोजचं टपाल ती वाचत असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. दहा मिनिटांत विषय मिटला. लक्ष मात्र अजूनही नसतं.

*

मी शिक्षिका. वर्गात ४२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. सारखी वाटणी केली तर एकेकाच्या वाट्याला ५० सेकंद येतात, आणि त्यातच हजेरी, फळा, भांडणं.

प्रशिक्षणात मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेच्या कामाबद्दल ऐकलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलंही बोलतात, असं त्यांना १९७० च्या दशकात दिसलं. मी करून पाहिलं. मनात एक, दोन, तीन मोजायचं. पहिले काही दिवस ती शांतता मलाच सोसवेना. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा बोलला. त्याचा आवाज मी वर्षभरात पहिल्यांदा ऐकत होते. उत्तर चुकलं होतं, ते सोडा.

पण धडे मागे पडले. पालकसभेत पहिलाच प्रश्न आला, "शेजारच्या तुकडीचा पाचवा धडा झाला, तुमचा अजून तिसराच?" विचारणारी त्याच मुलाची आई होती. तिचंही चूक नव्हतं, परीक्षा दोन्ही तुकड्यांची एकच. शेवटी मी दोन धडे भराभरा उरकले. मधल्या दोन धड्यांना मात्र थांबत राहिले.

*

पालकसभा कामाच्या वेळेत असते. मी तीन वर्षांत एकदाही जाऊ शकलो नाही. मग "या पालकांना आस्था नाही" असं कानावर येतं. बास, एवढंच.

*

मुलाचा प्रकल्प मीच केला. रात्री एकपर्यंत कापाकापी, चिकटवाचिकटवी. मॅडमनी तो दर्शनी भागात लावला. फोटो काढायला मुलाला शेजारी उभं केलं तर गडी सरकत सरकत एका मित्राच्या वाकड्यातिकड्या तक्त्याशी जाऊन उभा राहिला. त्या तक्त्यातली अर्धी अक्षरं त्यानेच रंगवली होती म्हणे.

*

माझे वडील माझ्याच वर्गावर होते. शाळेत "सर" म्हणायचं, घरी "बाबा". माझी तक्रार करायला त्यांना पालक शोधावा लागत नसे, हाच काय तो वेळेचा फायदा. इतर मुलांना घरी जाऊन "आज सर फार ओरडले" म्हणता यायचं. मी कुणाला सांगणार?

*

मी मुख्याध्यापिका होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या कलम १२ नुसार मुलाला स्वतःच्या बाबतीत मत मांडायचा हक्क आहे, आणि त्याचं वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायचं असतं. म्हणून पालकभेटीत मुलालाही बसवायचं ठरवलं. कागदावर छान दिसलं. प्रत्यक्षात खुर्चीवर अवघडून बसलेलं पोर आणि दोन्ही बाजूंनी, "सांग ना, आता का गप्प?" ती सुनावणीच झाली.

मग पद्धत बदलली. भेटीआधी मुलाने तीन ओळी लिहून द्यायच्या, त्या शिक्षकांनी वाचून दाखवायच्या. बरंच बाहेर आलं. बाकाची जागा नको, घरचा अभ्यास कळत नाही, खेळाचा तास गणिताला देऊ नका (हे बहुतेकांनीच लिहिलं होतं, आणि आम्ही तो देत होतो).

एकाने तिसऱ्या ओळीत लिहिलं, "मी मधल्या सुट्टीत रडतो ते घरी सांगू नका." वर्गशिक्षकांनी चिठ्ठी माझ्याकडे आणून दिली. आई-वडील बाहेर बसले होते. त्या दिवशी आम्ही पहिल्या दोनच ओळी वाचल्या. सुट्टीत त्याच्याजवळ कोणीतरी असेल असं पाहिलं, आठवड्याने त्यालाच विचारलं, "आता सांगू का?" तो म्हणाला, "आईला सांगा. बाबांना नको." आईला सांगितलं. वडिलांना नंतर कुठूनसं कळलं तेव्हा ते माझ्या खोलीत येऊन मोठ्याने बोलले, आणि मला देण्यासारखं उत्तर सापडलं नाही.