शब्दचर्चा: ‘फॉल्ट’ म्हणजे दोष की बिघाड?

अक्कलकोट रोड:
डिप्लोमाच्या मुलांसाठी नियंत्रण प्रणालीच्या नोट्स मराठीत लिहितेय. ‘फॉल्ट’ आणि ‘फेल्युअर’ दोन्हींना बिघाड लिहिलं आणि तिसऱ्या पानावर स्वतःच अडकले. ‘रेसिड्युअल’ला अवशेष लिहिलं, तर एकाने विचारलं, “मॅडम, भुईकोट किल्ल्यातले का?” सुचवा.

बाळीवेस:
‘लायनीवर फॉल्ट आहे’ हे कुणालाही कळतं. पण शब्द दोन हवेतच. दोष शोधण्याच्या शास्त्रातले संशोधक इझरमान आणि बाले यांच्या १९९७ च्या लेखात हा भेद केलाय: एखादा गुणधर्म चालण्यासारख्या मर्यादेबाहेर ढळला की फॉल्ट, नेमून दिलेलं काम करण्याची क्षमताच कायमची गेली की फेल्युअर. पहिला दोष, दुसरं बंद पडणं. बिघाड दोन्हीकडे बसतो, म्हणूनच तो नको.

जुना जॉबर:
बरोबर. माग चालू असतोय पण कापडात पट्टी पडतीय, तो दोष. पण मॅडम, उभा धागा तुटला की त्याच्यावर लटकलेली पिन खाली पडून माग आपोआप थांबतोय. ते बंद पडणं नव्हं, दोष सापडणं हाय.

अक्कलकोट रोड:
काका, हे उदाहरण नोट्समध्ये घेते! आता रेसिड्युअल. धाग्याच्या मोजलेल्या ताणातून गणिती मॉडेलने सांगितलेला ताण वजा केला की उरतो तो. गंमत अशी की काहीही बिघडलेलं नसताना तो शून्य येत नाही. बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेला रूळ, रिकामा होत जातो तसा व्यास घटतो, मे महिन्याच्या कोरड्या हवेत सूत वेगळं वागतं. मॉडेलला हे नेमकं ठाऊक नसतं.

बाळीवेस:
मग ‘त्रुटी’ नकोच, तो आधीच दोषी ठरवतो. ‘बाकी’ म्हटलं तर भागाकार आठवतो. माझं मत ‘तफावत’ला. रोजमेळ जुळला नाही की मुनीम तफावत म्हणतो, लगेच चोरी म्हणत नाही.

जुना जॉबर:
किती तफावत आली की बोंब मारायची?

अक्कलकोट रोड:
तोच ‘थ्रेशोल्ड’. मी उंबरठा लिहिलाय. उंच ठेवला तर खरा दोष निसटतो, खाली ठेवला तर सारखी खोटी बोंब. अनिश्चितता मोठी असेल तर तो वेगाप्रमाणे, भाराप्रमाणे बदलता ठेवतात. ‘हलता उंबरठा’ चालेल?

बाळीवेस:
उंबरठा हलला तर घर राहील का! ‘मुभा’ बघा. इतक्या तफावतीला मुभा. वेग बदलला की मुभा कमी-जास्त.

जुना जॉबर:
मुभा चांगला हाय. आमच्या एका खात्यात धागा नुसता सैल पडला तरी पिन खाली यायची, माग थांबायचा. दिवसात दहादा. पोरांनी वैतागून वायरच काढून ठेवली. मग धागा खरंच तुटला तरी माग आपला चालूच. टॉवेल सगळे सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात गेले. ह्याला काय म्हणायचं, ते बी बघा की.