अंगणातलं तण काढायला काय करता? (तणनाशक नको आहे)

मागचं_अंगण:
दोन वर्षांपूर्वी तळेगावला राहायला आलो. घरामागे अर्धा-पाऊण गुंठा जागा आहे. मोगरा, अनंत, कढीपत्ता, थोडी वांगी-मिरची. पाऊस लागला की पंधरा दिवसांत सगळं तणाखाली गडप. तणनाशक मारायचं नाही, कारण घरात चार वर्षांची लेक आणि एक मांजर, दोघीही माती चाखून बघतात. एका व्हिडिओत बघून व्हिनेगर, मीठ आणि भांडी घासायचं लिक्विड फवारलं. पानं दोन दिवसांत करपली, आठवड्यात परत हिरवीगार. मोगरा मात्र गेला तो गेलाच.

कढीपत्ता:
मीठ नका हो घालू! तण परत येतं, मीठ मातीतच बसतं. घरातलं व्हिनेगर कोवळ्या रोपांची पानं जाळतं, मुळापर्यंत पोचत नाही. फरशीच्या फटीतल्या गवतावर मी सरळ उकळतं पाणी ओतते. वाफ्यात नाही हं, तिथे गांडुळं शिजतील.

खुरपं:
आधी तण कोणतं ते सांगा. गवतासारखं दिसणारं देठ चिमटीत धरून फिरवा. गोल लागतं की तीन कडा लागतात?

मागचं_अंगण:
तीन कडा! उपटलं की टक् आवाज येऊन वरचं तेवढंच हातात येतं.

खुरपं:
मग लव्हाळा. तुमचं निम्मं दुखणं तेच. तो टक् आवाज म्हणजे गाठ खालीच राहिली. काळपट, हरभऱ्याएवढी किंवा थोडी मोठी, फोडली तर नागरमोथ्याचा वास येतो, कारण नागरमोथा म्हणजे हाच. एका गाठीला दुसरी, दुसरीला तिसरी अशी माळ असते. त्यामुळे कुदळीने नुसतं खणून माती उलटीपालटी केलीत तर माळ तुटते आणि एकाची दहा झाडं होतात. मी पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं होतं.

आता पावसात एकच उपाय: माती ओली असताना खुरपं तिरकं खोल घालून गाठीसकट काढायचं, आणि दर आठ दिवसांनी परत. नवी पानं फुटताना गाठीतला साठा खर्च होतो, पानं टिकूच दिली नाहीत तर गाठ थकते. गाठी कंपोस्टात टाकायच्या नाहीत. खरी संधी एप्रिल-मेमध्ये. जागा वीतभर खोल खणून गाठी वर आणायच्या आणि कडक उन्हात कोरड्या होऊ द्यायच्या, मध्ये पाणी अजिबात नाही. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून मोकळ्या जागेत मी रताळ्याचा वेल सोडतो. दोन पावसाळे गेले, आता अधूनमधून एखादा दिसतो.

निशिगंध:
मी पुठ्ठा अंथरून वर चार बोटं पालापाचोळा घालते. बाकी तणाला उत्तम. लव्हाळा मात्र पुठ्ठ्यातून सुईसारखा वर आला, ते खरंय. आणि पावसाळ्यात पाचोळ्याखाली गोगलगायी जमतात, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा.

सातारकर:
कुंपणाला गाजरगवत असेल तर तेही बघा. आपल्याकडे ते १९५० च्या दशकात पुण्यातच पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं, त्यामुळे तुमच्या भागाचा मान मोठा. फुलायच्या आधी उपटायचं, हातमोजे आणि लांब बाह्या घालून. माझ्या मनगटावर पुरळ उठून महिनाभर खाजत होतं. पानांवर पांढरट पिवळसर, तपकिरी पट्ट्यांचे छोटे भुंगे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगे, १९८४ मध्ये गाजरगवत खायलाच आपल्याकडे सोडले होते.

आणि कच्चं शेणखत टाकत असाल तर बंद करा. अर्धं तण त्यातूनच येतं.

मागचं_अंगण:
शेणखत कच्चंच होतं. 🙈 आज लेकीला घेऊन बसले, मोगरा होता तिथल्या हातभर जागेत २३ गाठी निघाल्या, तिनेच मोजल्या. एक प्रश्न राहिला. जाड पानांचं, जमिनीलगत पसरलेलं, लालसर देठाचं आहे, ते घोळ ना? भाजी करू का?

कढीपत्ता:
देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर दुधी, ती फेकून द्या. चीक नसेल आणि पानं मांसल असतील तर घोळच. पण ताई, मीठ फवारलेल्या जागेतली नको.

मागचं_अंगण:
चीक नाही! नळाजवळची आहे, तिथे फवारलं नव्हतं. मूगडाळ भिजत घातलीय.